आठ पाउंडांत थेट पुढे

लंडनला येऊन सहा वर्षं झाली, पण रॉयल अल्बर्ट हॉलची पायरी चढले नव्हते. गेल्या महिन्यात ऑफिसातली मैत्रीण प्रॉम्सना, म्हणजे तिथल्या उन्हाळी संगीत महोत्सवाला, ओढून घेऊन गेली. आठ पाउंडांचं तिकीट, उभ्यानं ऐकायचं. मला वाटलं, आपली जागा कुठेतरी छताशी असणार. आत जाऊन बघते तर आम्ही थेट वादकांसमोर! पुढच्या बाईंच्या व्हायोलिनच्या गजाचा एक केस तुटून लोंबत होता, तोसुद्धा दिसत होता. महागड्या तिकिटांची माणसं आमच्या मागे. १८९५ पासून हे लोक स्वस्तात उभं राहून ऐकताहेत. १९४१ साली बॉम्बनं जुना क्वीन्स हॉल गेला, तर इथे आले. पण उभ्याची जागा ठेवलीच. शेजारी अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, पाठीवर सॅक, डोळे मिटून ऐकत होता.

मला बाबा आठवले. आमच्या ठाण्यातली एक मैफल. बाबांना एका कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ते पुढे जाऊन बसले. पुढच्या दोन रांगांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेले. एक स्वयंसेवक आला, ‘काका, उठा.’ बाबा निमूट उठले. ते कागद पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत राहिले आणि मध्यंतरापर्यंत त्या खुर्च्यांवर कुणी फिरकलं नाही. अख्खा विलंबित ख्याल रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. बाबा बाराव्या रांगेत, कानामागे हात धरून. नंतर भाषणात ऐकलं, तरुण पिढी शास्त्रीय संगीताकडे वळत नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि बाबांच्या शेजारीच बसले होते.

तरीही इथली शांतता मला मानवली नाही. बीथोव्हेनची सातवी सिंफनी होती. दुसरा भाग संपला आणि माझ्या ओठांवर आलेली ‘वा’ गिळावी लागली, कारण मध्ये टाळी वाजवायची नाही असा इथला संकेत. १८१३ साली व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांनी याच भागाला वन्समोअर घेतला होता! म्हणजे त्यांचा श्रोताही एकेकाळी आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकासारखाच होता. आपल्याकडे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, शंभर माना एकदम हलतात, गवई ते बघतो आणि गाण्यातली पुढची जागा अजून खुलवून घेतो. मी गायक राम मराठ्यांच्या ठाण्याची. ही दाद मी कुठल्याही हॉलशी बदलणार नाही.

आता कुणी विचारेल, एवढं प्रेम होतं तर ठाण्यात असताना किती मैफलींना गेलीस? फार नाही. व्हीटीहून लोकलनं घरी पोचेपर्यंत साडेआठ, आणि उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद. मालकंस, दरबारी हे रात्री उशिराचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे कुणी आणि कधी? संगीत जुनं झालंय असं मला एकदाही वाटलं नाही. आमच्यासारख्या कामावर जाणाऱ्यांसाठी त्याची वेळ आणि जागा कुणी राखली नाही, एवढंच.

वाशीचा माझा भाचा तबला शिकतो, तेरा वर्षांचा आहे. परवा फोनवर त्यानं कायदा, म्हणजे तबल्यावरची एक रचना, वाजवून दाखवला, दुगुनीत, दुप्पट लयीत, जरा घसरला, पण समेवर बरोबर आला. डिसेंबरमध्ये येतेय, म्हटलं, आपण दोघं मैफलीला जाऊ, अगदी पुढे बसू, तबलजीचे हात दिसतील असे.

‘आणि उठवलं तर, मावशी?’

उठायचं नाही, म्हटलं.