धनकरला एक रात्र तरी राहाच

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात फिरणाऱ्या बहुतेक गाड्या धनकर गावाला तासभर थांबतात. वळणावर फोटो, गोंपात म्हणजे बौद्ध मठात एक चक्कर, की निघाल्या काझाकडे, स्पितीच्या मुख्य गावाकडे. आम्ही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे दोन रात्री राहिलो. कुणी स्पितीचा बेत आखत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, काझातली एक रात्र कमी करा, पण धनकरला मुक्काम करा.

ताबोहून काझाकडे जाताना शिचलिंगपाशी मुख्य रस्ता सोडला की आठेक किलोमीटरचा वळणावळणाचा चढ लागतो. तो संपता संपता समोर कडा येतो. मातीत गोटे कालवून थापावेत तसा, वाऱ्या-पाण्याने कातरून सुळके झालेला. त्या सुळक्यांच्या बेचक्यांत पांढऱ्या भिंतींचा गोंपा चिकटून बसलाय. खाली खोल दरीत पिन नदी स्पिती नदीला मिळते. ‘धंग’ म्हणजे कडा आणि ‘कर’ म्हणजे किल्ला. सतराव्या शतकात स्पितीची राजधानी इथे होती. इथल्या राजाला नोनो म्हणत. गोंपाच्याही वर, माथ्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत.

आमची नजर सह्याद्रीच्या किल्ल्यांना सरावलेली. काळा कातळ, बुरूज, महादरवाजा. धनकरला यातलं काहीच नाही. कच्च्या विटा, लाकडाच्या तुळया, मातीचं छप्पर. संरक्षण करतो तो कडाच. वर उभं राहिलं की दोन्ही नद्यांची खोरी एका नजरेत येतात, मग राजधानीला हीच जागा का निवडली असेल हे कुणी सांगावं लागत नाही.

आत शिरताना डोकं सांभाळा, दारं बुटकी आहेत. अरुंद जिने, काळोख, तुपाच्या दिव्यांचा वास. वैरोचन बुद्धाची मूर्ती बघताना आम्ही बराच वेळ बसून राहिलो. चार दिशांना तोंड केलेल्या, पाठीला पाठ लावून बसलेल्या चार आकृती आहेत. वरच्या छोट्या मंदिरात शाक्यमुनी म्हणजे गौतम बुद्ध आणि त्सोंगखापांची भित्तिचित्रं आहेत. त्सोंगखापा हे तिबेटी बौद्ध धर्मातल्या गेलुग पंथाचे प्रवर्तक, आणि हा गोंपा त्याच पंथाचा. चित्रांवर मध्येच पाण्याचे ओघळ उतरलेले दिसतात. ते बघून फार वाईट वाटलं.

कारण या वास्तूचं वैर पाण्याशी आहे. स्पिती पर्जन्यछायेतला प्रदेश, म्हणून तर मातीची इमारत इतकी शतकं टिकली. पण छपरावरचा बर्फ वितळून आत झिरपतो आणि पायाखालचा कडा झिजत जातो. 2006 मध्ये जुन्या वास्तू जपण्याचं काम करणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने जगातल्या 100 धोक्यातल्या स्थळांत धनकरचं नाव घातलं. बहुतेक भिक्षू आता गावाजवळच्या नव्या गोंपात राहतात. तेव्हा दहा-बारा जणांचा गट असेल तर चार-चार जणांनी आत जा. गच्चीवर गर्दी करू नका, भिंतीला टेकू नका, चित्रांवर फ्लॅश मारू नका. भिक्षूने नको म्हटलं की नको. दानपेटीत आठवणीने पैसे टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. गावामागून सव्वा तासाची चढण आहे. अंतर फार नाही, पण गावच जवळपास 3900 मीटरवर, त्यामुळे दहा पावलांवर दम लागतो. वाटेत सावली नाही की पाणी नाही. टोपी आणि लिटरभर पाणी जवळ हवंच. तलाव आटून लहान झाला होता, तरी वारा पडला तेव्हा पलीकडचे बर्फाचे डोंगर त्यात स्वच्छ उतरले. नऊच्या आत पोचा, नंतर वारा सुटतो.

उंचीबद्दल कळकळीने सांगते. मनालीहून कुंझुम खिंडीमार्गे एका दिवसात काझा गाठू नका. शिमला, रामपूर, कल्पा, नाको, ताबो असं हळूहळू चढत या. आम्ही तसेच आलो, तरी पहिल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याचं डोकं ठणकत होतं. पाणी, गरम थुक्पा (नूडल्सचं तिबेटी सूप) आणि लवकर झोप यांनी सकाळपर्यंत उतरलं. दुखणं वाढत गेलं, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर वाट न बघता खाली उतरायचं. ताबो 3300 मीटरच्या आसपास आहे आणि तासाभरावर. औषधांचं निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

रोख पैसे पुरेसे ठेवा. पेट्रोल रिकाँगपिओजवळ पोवारीला भरलं की पुढचा पंप थेट काझाला. बसने येणार असाल तर रिकाँगपिओ-काझा बस शिचलिंगला सोडते. वर जायला गाडी मिळेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी होमस्टेला फोन करून ठेवा. आमच्या घरमालकीणबाईंनी रात्री वाटाण्याची भाजी आणि तिंगमो म्हणजे वाफवलेले पाव वाढले. वाटाणे त्यांच्याच शेतातले, इतके गोड की आम्ही पुन्हा मागून घेतले.

आणि पहाटे साडेपाचला एकदा उठा. आधी पलीकडच्या शिखरांवर ऊन येतं, मग हळूहळू खाली सरकत माथ्यावरच्या पडक्या भिंतींवर, आणि शेवटी गोंपावर. तेव्हा वळणावर एकही गाडी नसते.