भरावाखालचा आंबा

अंगणाच्या कामासाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: लॉनचा चौरस फुटाला रेट काय? पुण्यातल्या त्या जुन्या बंगल्यातल्या काकांनीही तोच विचारला. जोडीला दुसरं काम होतं, मागचा आंबा काढायचं. शेंड्याकडून वाळत चालला होता. शिवाय मुलाने परदेशातून पाठवलेल्या थ्रीडी चित्रात तिथे बसायची जागा होती. चित्रात आंबा नव्हताच.

पावसाळ्याला महिनाभर अवकाश होता. आंब्याची पानं बारीक झाली होती आणि टोकाच्या फांद्या बोडक्या. खोडाला भोक नाही, भुसा नाही, डिंकही नाही, म्हणजे कीड वाटत नव्हती. मग बुंध्याकडे बघितलं. एवढ्या वयाच्या आंब्याचा बुंधा जमिनीपाशी फाकतो, मुळांची सुरुवात वर दिसते. हा मात्र विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत गेला होता आणि त्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले होते.

"काका, इथे भराव कधी टाकला?"

"झाली तीन-चार वर्षं. समोरचा रस्ता थरावर थर पडून वर आला, पाणी फाटकातून आत यायला लागलं. मग कंत्राटदाराने मुरूम टाकून रोलर फिरवला. तेव्हापासून पाणी नाही आलं हो."

काकू आतून म्हणाल्या, "फाटकातून नाही येत. आता भिंतीतून येतं."

हॉलच्या मागच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटले होते. वॉटरप्रूफ रंग दोनदा लावून झाला होता. बाहेर जाऊन पाहिलं तर जोतं जेमतेम चार इंच वर उरलेलं. लेव्हल पाइप लावला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरायची, एवढंच साधन, पण त्याइतकं खरं बोलणारं दुसरं नाही. उतार घराकडे निघाला. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं. ते सगळं पन्हळीच्या पाइपातून याच अंगणात उतरत होतं आणि भिंतीशी जाऊन बसत होतं. फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी होतं. दाबलेला मुरूम पाणी पीत नाही.

म्हणजे भिंतीची ओल आणि आंब्याचं वाळणं, दोन्हींचं मूळ त्या भरावात होतं. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि त्यांना हवा लागते. वरून फूटभर मुरूम दाबला की ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षं काढतं. तोवर कंत्राटदाराचं बिल चुकतं झालेलं असतं आणि दोष किडीवर जातो. या कामात येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं, याचा मला दरवेळी राग येतो. ट्रकभर रोपं विकायला सगळे तयार असतात, लेव्हल तपासायला कोणी नाही.

मी काकांना सांगितलं, झाड खासगी अंगणातलं असलं तरी शहरातली झाडं जपण्यासाठीच्या महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्याप्रमाणे ते तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मागण्याआधी बुंधा मोकळा करून बघू द्या. काका गप्प बसले. काकू म्हणाल्या, "पानं झाडून माझी कंबर गेली, पण आंबा सासूबाईंनी लावलाय. बघा तुम्ही."

बुंध्याजवळ कुदळ लावू दिली नाही. आमच्याकडच्या मावशींनी खुरप्याने आणि बांबूच्या कामटीने मुरूम खरवडला. चौदा इंचांवर जुनी काळसर माती लागली आणि फाकलेली मुळं दिसली. एका बाजूची साल ओली, तपकिरी, बोटाने दाबली तर आत जाणारी. मावशी न बोलता बोटं फिरवत गेल्या आणि जिथे साल घट्ट लागली तिथे खडूने खूण केली. घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा कुजला होता. बाकीची साल नखाने किंचित खरडली तर आतून हिरवी.

बुंध्याभोवती चार फुटांपर्यंत भराव काढला आणि कडेला सिमेंटशिवाय दगड रचले. त्या खळग्यात पाणी साचू नये म्हणून तळातून छिद्रांचा चार इंची पाइप बाहेर काढला. उघड्या मुळांना ऊन लागू नये म्हणून वर वाळकी पानं पसरली. काकू ज्याला कचरा म्हणत होत्या तोच. भिंतीलगतचा भराव काढून जोतं मोकळं केलं आणि घरापासून बाहेर, दहा फुटांत अडीच इंच असा उतार दिला. गच्चीचं पाणी कोपऱ्यातल्या खोलगट जागेत सोडलं. तिथला दाबलेला मुरूम खणून माती आणि शेणखत भरलं आणि अळू, कर्दळ, सोनटक्का लावला. यांना ओल मानवते. रस्त्याचं पाणी अडवायला फाटकाशी आडवी जाळीची नाली केली, खरं तर पहिल्यांदाच तेवढी पुरली असती. लॉन फक्त पुढच्या उन्हाच्या पट्ट्यात केलं. आंब्याच्या सावलीत ते टिकत नाही. दर वर्षी नवे तुकडे आणून बसवायचे आणि पैसे घालवायचे, असं मी कोणाला करू देत नाही.

एका गोष्टीवर काका हटले नाहीत. गाडीच्या बाजूचे पेव्हर ब्लॉक तसेच ठेवायचे. तिथे निम्मी मुळं अजून दाबलेली आहेत आणि कुजलेली सालही नेमकी त्याच बाजूची. पावसाळा भिंतीने कोरडा काढला, आंब्याला डाव्या अंगाला नवी तांबूस पालवी आली. गाडीच्या बाजूचं उजवं अंग तसंच आहे. काका फोनवर विचारतात, "जगेल ना?" मी सांगतो, "ब्लॉक काढू द्या, मग खात्रीने बोलेन." अजून काढू दिलेले नाहीत.

आता शेजारच्यांनी बोलावलंय. रस्ता त्यांच्याही फाटकाच्या वर आलाय आणि त्यांना भराव हवाय. त्यांच्या अंगणात चिकू आहे, दोन नारळ आहेत. जाळीच्या नालीचा खर्च काढून ठेवलाय, भरावाचा रेट मी देणार नाही.