अंगठा वर

शुक्रवार, रात्र. वाडी स्टेशन मागे पडलं.

दोनदा न्हाऊनही केसांतून अक्षतांचे तांदूळ निघतायत. लग्न होऊन दोन दिवस झाले आणि या दोन दिवसांत नवऱ्याशी सलग पाच मिनिटं बोलणं झालेलं नाही, हे आत्ता वरच्या बर्थवर आडवं झाल्यावर लक्षात आलं. तो खालच्या बर्थवर घोरतोय. उद्या चेन्नई, तिथून विमानाने अंदमान.

लग्नातली गर्दी सोलापूरच्या माणसाला नवी नाही. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या जत्रेत, सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, तेव्हा पांढऱ्या बाराबंद्यांचा पूर येतो. पण तिथे संमती, म्हणजे त्या लग्नाची मंगलाष्टकं, वाचायला लागले की लोक निदान ऐकतात तरी. आमच्या हॉलमध्ये 'शुभमंगल सावधान' म्हटलेलं मलाच ऐकू आलं नाही. बाहेर बँड आणि हलगीची जुंपली होती, आत फोटोवाला 'वहिनी, हनुवटी वर' म्हणून ओरडत होता. त्यात एका आजोबांनी हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, गूळ कमी पडल्याचं जाहीर केलं. (कमी नव्हता. मी नंतर तीन वाट्या खाल्ल्या.)

त्या गोंधळात हा माणूस हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहुण्यांच्या गराड्यात सापडला होता. तिथून त्याने माझ्याकडे बघून पोटावर हात फिरवला आणि भुवया उडवल्या. जेवलीस का? मी मान हलवली. तो गेला आणि एका चुलतभावाच्या हाती ताट पाठवलं. या लग्नातलं आमचं सगळ्यात मोठं संभाषण तेवढंच.

मला ते पुरलं, कारण मी मागाच्या खटखटीत वाढले आहे. अक्कलकोट रोडला अण्णांचे टॉवेलचे सहा माग आहेत. सहाही चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळत नाही. म्हणून शेडमध्ये सगळी बोली हातांची. दोन बोटं एकमेकांवर घासली की धागा तुटला. मूठ उलटी केली की धाग्याची कांडी संपली. अंगठा ओठांशी नेला की चहा. आणि अंगठा वर म्हणजे 'चालू कर'. शाळेतून आले की मी आधी शेडच्या दारात उभी राहायची आणि अण्णा लांबूनच विचारायचे, पेपर कसा गेला. गणिताच्या दिवशी मी मूठ उलटी करायची.

अण्णांनी आमच्यासाठी एक जोडी स्वतः विणली आहे, नक्षीच्या जॅकार्ड मागावर दोघांची नावं घालून. आहेरात आलेले 41 टॉवेल वेगळे. सोलापुरातल्या लग्नात टॉवेल देणं म्हणजे नदीला पाणी घालणं, पण देतात.

मंगळवार. हॅवलॉक.

2018 पासून या बेटाचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण जेट्टीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात.

इथे काहीही वाळत नाही. अण्णांचा टॉवेल परवा सकाळी दोरीवर टाकला तो अजून तसाच दमट आहे. आमच्या गच्चीवर मे महिन्यात अर्ध्या तासात खडखडीत झाला असता. आईने दिलेली कडक भाकरी दुसऱ्याच दिवशी सादळली. कडक भाकरी! जी महिना महिना डब्यात टिकते, ती इथे चपातीसारखी वाकली. शेंगाचटणी तेवढी बाणेदार निघाली. आणि हा सूर्य. घड्याळ सोलापूरचंच, पण सूर्य तासाभराहून पुढे. संध्याकाळी साडेपाचला राधानगरच्या किनाऱ्यावर तो बुडाला, तेव्हा आमच्याकडे लोक चहाचं आधण ठेवत असतील. सहा वाजता अंधार. इतक्या लवकर झालेल्या रात्रीचं काय करायचं ते आम्हाला दोघांनाही कळेना. (हसू नका.) शेवटी पत्ते खेळलो. तो पत्ते चोरतो.

आज सकाळी डायव्हिंग. डायव्हिंगनंतर दिवसभर तरी विमानात बसायचं नसतं, म्हणून त्याने ते मुद्दाम अलीकडे ठेवलं. आमच्या दोघांपैकी कुणालाही पोहता येत नाही. येणार कुठून? चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात पाणी मोजून वापरायचं असतं, त्यात पडायचं नसतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तिथल्या मुलांनी आम्हाला शिकवलं: तोंडातल्या नळीने श्वास घ्या, कान दडपले की नाक चिमटीत धरून हळूच फुंका. मग खुणा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. अंगठा खाली म्हणजे खाली जाऊ. अंगठा वर म्हणजे वर न्या. "छान वाटलं म्हणून अंगठा दाखवू नका, सगळे हेच करतात," मुलगा दोनदा बजावून म्हणाला. नवऱ्याने दोनदा मान डोलावली.

25-30 फूट खाली एक समुद्रफूल होतं, आणि त्याच्या झुलत्या बोटांमध्ये नारिंगी-पांढरे मासे आत-बाहेर करत होते. कानात फक्त स्वतःचा श्वास. मला उगाच अण्णांची शेड आठवली. तिथे आवाज इतका की बोलता येत नाही, इथे तोंडात नळी म्हणून बोलता येत नाही. मी एकदम निवांत झाले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या पाण्यात, आणि वाटत होतं की या जागेची भाषा आपल्याला येते.

तेवढ्यात नवरा हरखला. मासे बघून त्याने अंगठा वर केला. त्याच्या सोबतच्या मुलाने त्याला दंडाला धरून वर नेलं. माझ्या डोक्यावरून दोन पाय हलत हलत उजेडात गेले. थोड्या वेळाने परत आला, समुद्रकाकडी बघितली, अंगठा वर. पुन्हा वर. तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा मी त्याच्या जवळ सरकले. एक मोठा मासा गेला, याचा हात उठायला लागला, आणि मी तो अंगठा पकडला. दुमडला. तर्जनीला टेकवून वर्तुळ केलं आणि तसाच धरून ठेवला. काचेआडून त्याचे डोळे हसत होते. लग्नात भटजींनी हातात हात दिला होता तो फोटोवाल्यासाठी तीनदा द्यावा लागला होता. हा एकदाच.

रात्री त्याने शेडमधल्या सगळ्या खुणा माझ्याकडून शिकून घेतल्या. धागा तुटल्याची त्याला फार आवडली.

गुरुवार. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम.

बोटीच्या इंजिनाच्या घरघरीत त्याने समोरून अंगठा ओठांना लावला. चहा.

दुपारी सेल्युलर जेल. 1906 साली पुरी झालेली ही इमारत, सात भुजांची, आता तीनच उरल्यात. प्रत्येक भुजेचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतल्या माणसाला समोरच्याचा चेहराही दिसू नये. खूणसुद्धा करता येऊ नये अशी बांधणी. आम्ही एका कोठडीत उभे राहिलो. फोटो काढायला त्याने मोबाइल बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला. हे मला बरं वाटलं.

सोमवार. सोलापूर.

टॉवेल वाळला. गच्चीवर टाकला आणि वीस मिनिटांत वाळला, फक्त मिठाने कडक झाला आहे, आमची नावं पापडासारखी उभी राहतात. अण्णांनी हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "खाऱ्या पाण्यात रंग उतरला नाही म्हणजे सूत चांगलं होतं."

सासर म्हणजे पुन्हा माणसंच माणसं. दोन दिवस देवदर्शन, ओट्या, 'काय काय बघितलं'. पुन्हा पाच मिनिटं नाहीत. आज रात्री पावणेदोनला पाणी आलं. सगळं घर उठलं. हा टाकी बघायला गच्चीवर, मी खाली मोटारीच्या बटणाशी. जुनी मोटार आहे, तिच्यापुढे अण्णांचे माग बरे. वरून तो काहीतरी ओरडला, ऐकू आलं नाही. मग कठड्यावरून वाकून त्याने अंगठा वर केला.

अण्णांच्या शेडमधला म्हणाल तर 'चालू कर', पण मोटार चालूच होती. त्याच्या जुन्या सवयीचा म्हणाल तर 'छान'. मी समुद्रातला धरला आणि जिना चढून वर गेले.

टाकी भरून वाहत होती. खालून सासूबाईंचा आवाज आला, "अगं ए, मोटार बंद कर, पाणी चाललं की गं वाया!"