ब्रेंटफर्डच्या घरी लिव्हरपूल: नजर थ्रो-इनवर ठेवा

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५, रात्री साडेबारा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधली फुटबॉल मॅच, ब्रेंटफर्ड विरुद्ध आपलं लिव्हरपूल, तेही ब्रेंटफर्डच्या घरी, पश्चिम लंडनला. कॅलेंडरच्या हिशोबाने ही वेळ रविवारची, आणि रविवारी लाभपंचमी. बडोद्यात ज्यांची दुकानं आहेत किंवा जे दुकानात कामाला जातात, त्यांना सकाळी मुहूर्ताला शटर वर करायचं आहे आणि मॅच संपायला अडीच वाजणार. म्हणून काय बघायचं ते आधीच ठरवून बसलेलं बरं. नव्वद मिनिटं डोळे ताणून बसणं जमणार नसेल, तर निदान चेंडू लिव्हरपूलच्या अर्ध्यात साइडलाइनबाहेर जाईल तेव्हा जागे राहा. ही मॅच तिथेच फिरेल, असं माझं मत आहे.

आधी परिस्थिती. आठ मॅचनंतर लिव्हरपूलचे १५ गुण: पहिल्या पाच जिंकल्या, पुढच्या तीन हरल्या. वर आर्सेनल १९ वर आहे. हरण्याची तऱ्हा बघितली की जास्त त्रास होतो. क्रिस्टल पॅलेसकडे ९७व्या मिनिटाला, चेल्सीकडे ९५व्या मिनिटाला, आणि गेल्या रविवारी घरच्या ॲनफिल्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ८४व्या मिनिटाला गोल खाल्ला. तिन्ही वेळा १-१ अशी बरोबरी होती. पॅलेसच्या एन्केतियाचा गोल लांब थ्रो-इनवरून (साइडलाइनबाहेर गेलेला चेंडू हाताने आत फेकतात तो) आला. युनायटेडच्या मॅग्वायरचा हेडर कॉर्नर अर्धवट परतवल्यावर आलेल्या क्रॉसवर. पॅलेसचा पहिला गोलसुद्धा कॉर्नरवरचाच. थोडक्यात, लिव्हरपूल फक्त पळत्या खेळातच उघडं पडतंय असं नाही. चेंडू थांबला, गर्दी झाली आणि उंचावरून काही आलं, की घोळ होतोय.

आणि आता जायचंय कुठे, तर ज्यांनी थांबलेल्या चेंडूचा धंदाच मांडलाय त्यांच्याकडे. ब्रेंटफर्डचे आताचे मुख्य कोच कीथ अँड्र्यूज गेल्या हंगामात याच क्लबचे सेट-पीस कोच, म्हणजे कॉर्नर, थ्रो अशा थांबलेल्या चेंडूंचे कोच होते. थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेले, तेव्हा क्लबने बाहेरून मोठं नाव न आणता यांना बढती दिली. उन्हाळ्यात म्बेमो, विसा आणि नॉरगार्ड हे तिघेही खेळाडू क्लब सोडून गेले, त्यामुळे बहुतेकांनी यांना खाली घसरणाऱ्यांत धरलं होतं. पण ८ मॅचमध्ये १० गुण आहेत, युनायटेडला याच मैदानात ३-१ हरवलंय, चेल्सीशी २-२ केलंय. चेल्सीविरुद्धचा बरोबरीचा गोल ९३व्या मिनिटाचा. शाडेने लांब थ्रो टाकला आणि मागच्या खांबाशी कार्व्हालोने तो आत ढकलला. कार्व्हालो एकेकाळचा आपलाच, म्हणजे लिव्हरपूलचा.

आता थ्रो नीट समजून घेऊ. उजवा बॅक मायकेल कायोडे हा मुख्य फेकणारा. चेंडू टॉवेलने पुसतो, चार-सहा पावलं मागे जातो आणि चेंडू उंच न उडवता सपाट, जवळच्या खांबाकडे टाकतो. उंच उडालेला थ्रो गोलकीपरला पुढे यायला वेळ देतो, सपाट थ्रो तो देत नाही. डावीकडून शाडे तेच काम करतो. फेक सुरू होण्याआधी कॉलिन्स, आयर, व्हॅन डेन बर्ग असे उंच स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, पुढे चालत येतात. एक जण सहा यार्डांच्या चौकटीच्या जवळच्या कोपऱ्याशी, एक गोलकीपरच्या अंगाला अंग लावून, एक-दोघे मागच्या खांबाकडे धावायच्या तयारीत, आणि एक चौकटीच्या टोकाला, परतलेला चेंडू उचलायला.

कॉर्नरला लाथेचा वेग असतो, त्यामुळे नुसता डोक्याचा स्पर्श झाला तरी चेंडू जाळीत जाऊ शकतो. थ्रोला तेवढा वेग नसतो, थेट हेडरने गोल मारायचा तर मानेची सगळी ताकद लागते. म्हणून पहिला माणूस गोलकडे मारत बसत नाही, चेंडू फक्त मागे सरकवतो. तो मागच्या खांबाकडे गेला की बचावाची सगळी तोंडं चुकीच्या दिशेला असतात. टीव्हीवर कॉमेंटेटर गोल करणाऱ्याचं नाव ओरडतील. तुम्ही रिप्लेमध्ये पहिला स्पर्श कोणाचा झाला ते बघा.

नियमाचा एक बारकावा बरेच जण विसरतात. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पहिल्या माणसाने डोकं लावलं त्या क्षणी ऑफसाइड पुन्हा लागू होतो. म्हणजे तो चेंडू मागे सरकवत असताना दुसरा बचावाच्या मागे, चेंडूच्याही पुढे उभा असेल, तर झेंडा वर जातो. त्यामुळे मागच्या खांबाशी गोलरेषेला चिकटून उभा राहिलेला बचावपटू बऱ्याचदा स्वतःच्याच संघाचा घात करतो, सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो. शहाणा बचाव थ्रो हवेत असताना दोन पावलं पुढे सरकतो. हे बोलायला सोपं आहे. कायोडेचा थ्रो वर येत असताना आणि शेजारी आयर खांदा लावत असताना एका सुरात सरकणं महाकठीण.

मग उपाय काय? पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थ्रो देऊच नका. दबाव आला की चेंडू साइडलाइनबाहेर फोडायचा ही शाळेपासूनची सवय इथे महागात पडते, कारण यांच्याविरुद्ध शेवटच्या तीस मीटरमधला थ्रो म्हणजे जवळजवळ कॉर्नरच. शक्य असेल तिथे चेंडू गोलकीपरकडे परत, किंवा फोडायचाच तर लांब, मध्यरेषेपलीकडे. दुसरा उपाय फेकणाऱ्यासमोर उंच माणूस उभा करणं. नियमाने दोन मीटर अंतर सोडावं लागतं, तेवढं सोडून तो सरळ उभा राहू शकतो, त्यामुळे सपाट थ्रोला थोडा तरी कोन बदलावा लागतो. तिसरा माझा आवडता, पण त्याला हिंमत लागते: दोन वेगवान माणसं मध्यरेषेवर सोडून द्यायची. ब्रेंटफर्डचे स्टॉपर पुढे आलेले असतात, मागे दोन-तीनच उरतात. तिथे लिव्हरपूलचे सलाह आणि एकितिके उभे दिसले, तर एक स्टॉपर मागे राहतो आणि चौकटीतली गर्दी आपोआप कमी होते.

एवढं करूनही बिघडतं ते असं. पहिला हेडर बचावाने जिंकला तरी चेंडू पंधरा-वीस मीटरवरच पडतो. तिथे ब्रेंटफर्डचा माणूस उभाच असतो. तो पुन्हा आत टाकतो किंवा साइडला काढून आणखी एक थ्रो मिळवतो. असे लागोपाठ तीन थ्रो आले की दमलेला बचाव एकाला तरी सोडतो. म्हणून मिडफिल्डमधला कोण चौकटीच्या टोकाला उभा आहे हे बघा. लिव्हरपूलचा ग्रावेनबर्ख घोट्याच्या दुखापतीमुळे बुधवारी फ्रँकफर्टच्या मॅचला नव्हता. तो याही वेळी नसेल तर ती जागा कर्टिस जोन्सकडे जाईल, आणि पडलेला चेंडू उचलण्यात तो ग्रावेनबर्खएवढा पटाईत नाही.

लिव्हरपूलच्या गोलमध्ये ॲलिसन नाही, गॅलातासरायविरुद्ध त्याचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला, त्यामुळे ममारदश्विली. उंची भरपूर. पण गर्दीतून बाहेर यायचं की रेषेवर राहायचं हा निर्णय त्याला पहिल्या दहा मिनिटांतच घ्यावा लागेल आणि मग नव्वद मिनिटं त्यावर ठाम राहावं लागेल. अर्ध्या वाटेत येऊन थांबणारा गोली हेच तर ब्रेंटफर्डला हवं असतं.

लिव्हरपूलच्या डाव्या बॅकला कोण, हा खरा प्रश्न. समोर ब्रेंटफर्डचा वात्तारा आणि त्याच्या मागे कायोडे. केर्केझ आणि वात्तारा गेल्या हंगामात बोर्नमथला एकत्र होते, दोघांना एकमेकांची पावलं पाठ आहेत. केर्केझ पुढे धावतो आणि मागे मैदान मोकळं सोडतो. वात्ताराला तेच पाहिजे. मी असतो तर रॉबर्टसनला उतरवलं असतं, तो थ्रोसुद्धा कमी देतो. पण आपले कोच स्लॉट यांनी नव्यांवर पैसे घातलेत, त्यामुळे केर्केझ दिसला तर आश्चर्य नको.

ब्रेंटफर्डच्या आघाडीला इगोर थियागो. गेला हंगाम गुडघ्याने खाल्ला, आता सुटलाय. युनायटेडविरुद्धचा त्याचा पहिला गोल जॉर्डन हेंडरसनच्या एका लांब पासवर आला, बचाव वर सरकलेला आणि चेंडू डोक्यावरून. लिव्हरपूलही बचाव वरच ठेवतं. हेंडरसनला, म्हणजे लिव्हरपूलच्या २०२०च्या विजेत्या कप्तानाला, चेंडू घेऊन मान वर करायला दोन सेकंद मिळाले तर कोनाते आणि व्हॅन डाइकला मागे पळावं लागेल. त्याच्यावर कोणीतरी चढलंच पाहिजे. ते काम सोबोस्लाईचं.

त्यांच्या गोलमध्ये कीलेहर, तोही आधी आपलाच. सलाहच्या पेनल्टी त्याने सरावात वर्षानुवर्षं बघितल्यात, आणि सप्टेंबरमध्ये याच मैदानावर युनायटेडच्या ब्रुनोची पेनल्टी त्याने अडवली आहे. तेव्हा पेनल्टी मिळाली म्हणजे गोल झाला असं धरून सोसायटी उठवू नका.

चांगली बातमीही आहे. बुधवारी फ्रँकफर्टला ५-१ जिंकलो आणि त्यातले व्हॅन डाइक आणि कोनातेचे दोन गोल कॉर्नरवरच्या हेडरचे होते. म्हणजे हवेतली लढाई दोन्ही बाजूंनी आहे. विर्ट्झने दोन असिस्ट (गोलआधीचे पास) दिले. पण किंमतही मोजली: फ्रिम्पाँग पहिल्या वीस मिनिटांत लंगडत बाहेर, इसाक मध्यंतरालाच बाहेर. दोघे शनिवारी खेळतील असं धरू नका. शिवाय ब्रेंटफर्ड शेवटची मॅच सोमवारी वेस्ट हॅमकडे खेळून २-०ने जिंकले, त्यांना दोन दिवस जास्त विश्रांती.

या मैदानाचा आधीचा इतिहास सरळ नाही. २०२१ ला ३-३, जानेवारी २०२३ ला १-३ हार (पहिला गोल कॉर्नरवर, कोनातेच्या अंगावरून स्वतःच्याच जाळीत), फेब्रुवारी २०२४ ला ४-१ विजय, आणि या वर्षी जानेवारीत नुन्येझने भरपाई वेळेत दोन मारून २-०. स्टेडियम छोटं, १७,२५० खुर्च्यांचं, २०२० ला उघडलेलं, क्यू ब्रिज स्टेशनच्या शेजारी. पाहुण्यांना नियमाने ३,००० किंवा क्षमतेच्या दहा टक्के यातली कमी असेल तेवढी तिकिटं, म्हणजे इथे जेमतेम सतराशे. किंमत ३० पौंडांच्या वर जात नाही. लंडनमध्ये कोणाचा भाचा-पुतण्या असेल आणि तो अवे (पाहुण्यांच्या बाजूचं) तिकीट मिळवायच्या गोष्टी करत असेल, तर त्याला समजवा की ही तिकिटं आधीच्या अवे मॅचेसच्या हजेरीवर वाटली जातात. २०व्या मिनिटाला कोपऱ्यातून गाणं ऐकू आलं तर ते लिव्हरपूलच्या २० नंबरच्या दिवंगत दिओगो जोटासाठी आहे.

आता बडोद्याचा बंदोबस्त. फँटसी (आपली टीम निवडून गुण मिळवायचा ऑनलाइन खेळ) खेळणाऱ्यांनो, या आठवड्याची मुदत आज शुक्रवारी रात्री ११ वाजता संपते, लीड्स-वेस्ट हॅमच्या दीड तास आधी. लिव्हरपूलची टीम कळेल शनिवारी रात्री सव्वाअकराला, किकऑफच्या ७५ मिनिटं आधी. म्हणजे टीम बघून बदल करणं जमणार नाही, इसाक असेल तर आजच बाकावर बसवा. शनिवारी संध्याकाळी साडेसातला चेल्सी-सुंदरलँड आणि न्यूकॅसल-फुलहॅम, दहाला युनायटेड-ब्रायटन, मग आपली. तिन्ही बघायचा हट्ट केलात तर मध्यंतराला झोप लागणार हे नक्की. दहाची सोडा आणि दोन तास पडून घ्या.

मोबाइलवरचं प्रक्षेपण केबल किंवा डिशच्या मागे चालतं, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांत भिंतीला भिंत लागून आहे. शेजारी डिश असेल आणि तुम्ही फोनवर असाल, तर गोल तुम्हाला भिंतीतून आधी कळेल. एकत्र बसणार असाल तर सगळ्यांनी एकाच पडद्यावर बघा, आणि व्हॉट्सॲप ग्रुप मुका करा. मध्यंतर साधारण सव्वा वाजता, तेव्हा सेव-उसळ शोधत फिरू नका. फराळाचा डबा बाहेर काढा, चिवडा संपवायची हीच वेळ.

माझा अंदाज २-१, आपल्या बाजूने. पण पहिल्या दहा मिनिटांत ब्रेंटफर्डला आपल्या चौकटीजवळ तीन थ्रो मिळाले तर अंदाज मागे घेतला समजा.

आणि पुढच्या आठवड्याचे अलार्म आताच बदला. आपली मॅच संपल्यावर काही तासांत, रविवारी पहाटे, इंग्लंडची घड्याळं एक तास मागे जातात. त्यामुळे बुधवारी पॅलेसविरुद्धची लीग कप मॅच आपल्याकडे गुरुवारी पहाटे सव्वा वाजता, आणि १ नोव्हेंबरची व्हिलाविरुद्धची मॅच साडेबाराला नाही, दीड वाजता.