समास नावाचा नावाडी

फासे टाकत, तोंडाने गोष्ट रचत खेळायचा रोल-प्लेइंग गेम मी मित्रांना खेळवणार होते, आणि पहिल्या सेशनच्या, म्हणजे बैठकीच्या, आधी मी तीन आठवडे राबले होते. चाळीस पानी वही भरली होती. तीन राजघराण्यांचा इतिहास, देवांची आपापसातली भांडणं, दोन चंद्र असलेल्या जगाचं पंचांग, राजधानीच्या सात दरवाजांची नावं, आणि त्या नावांमागच्या दंतकथासुद्धा. पाच जण टेबलाभोवती बसले, आणि अर्ध्या तासात त्यांनी राजधानीकडे पाठ फिरवली.

झालं असं, की राजधानीला जायला वाटेत नदी होती आणि नदी होती म्हणून नावाडी होता. बोलता बोलता मी म्हणून गेले की त्याच्या डाव्या हाताला फडकं बांधलंय. का बांधलंय, मला माहीत नव्हतं. काहीतरी दिसायला हवं म्हणून बोलले होते.

"फडकं कसलं? नाव काय तुझं?" आमच्यातल्या चोराचं पात्र खेळणाऱ्याने विचारलं.

नाव! चाळीस पानांत त्याचं नाव नव्हतं. मी वहीत बघितलं, नजर पानाच्या कडेला गेली आणि तोंडातून निघालं, "समास."

पुढचे दोन तास ते समासच्या मागे लागले. त्याच्या झोपडीची झडती घेतली, रात्री त्याच्यावर पाळत ठेवली. मी घायकुतीला येऊन राजाचा दूत पाठवला. त्यांनी दूताला नावेत बसवून पलीकडे सोडलं आणि परत आले. मग मी दुसरा दूत पाठवला, तेव्हा जादूगार खेळणारा मित्र शांतपणे म्हणाला, "अगं, आम्हाला कळतंय तुला आम्ही कुठे जायला हवंय ते." त्या वाक्याने मला जेवढं शिकवलं तेवढं नियमांच्या पुस्तकांनी नाही शिकवलं. पण ते कळायला वेळ लागला. त्या रात्री मला फक्त राग आला होता.

ज्यांनी हा प्रकार कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि ते पात्र काय करतं हे तोंडाने सांगतो. एक जण गेम मास्टर असतो (आमच्यात मी). बाकीचं सगळं जग, म्हणजे राक्षस, राजे, पाऊस, नावाडी, त्याच्याकडे. जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध केला तेव्हापासून हा खेळ या रूपात आहे. त्याचं मूळ टेबलावर सैन्यं हलवून खेळायच्या युद्धखेळांत. सैन्याऐवजी एकेका खेळाडूला एकच माणूस दिला, आणि तो माणूस मग लढाई सोडून नावाड्याची चौकशी करू लागला.

दुसरा घोळ देवळात झाला. वेदीमागे गुप्त दार होतं आणि पुढची सगळी गोष्ट त्या दाराच्या पलीकडे होती. दार सापडायला वीस बाजूंच्या फाशावर पंधरा हवे, असं मी ठरवलेलं. तिघांनी शोधलं. तिघांकडेही दोन गुण वरून मिळवायला होते, म्हणजे फाशावर तेरा किंवा जास्त यायला हवं होतं. पडले सहा, चार आणि नऊ. संपलं. पुढचा पाऊण तास पाच शहाणी माणसं भिंतीवर टकटक करत बसली होती आणि मी माझ्या नोंदी झाकणाऱ्या पडद्यामागे घामाघूम.

घरी जाऊन हिशोब केला. एकाला दार सापडण्याची शक्यता चाळीस टक्के. तिघांनाही न सापडण्याची सुमारे बावीस टक्के. म्हणजे पाचातल्या एका टेबलावर तरी माझी गोष्ट तिथेच मेली असती, आणि मला वाटत होतं की माझं नशीब फुटकं! तेव्हापासून एक नियम पाळते: जे मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ते फाशावर टांगायचं नाही. दार सापडणारच. फाशाने ठरवायचं ते एवढंच, की ते आवाज न करता उघडलं का, की आतल्याला कळलं. आणि जिथे रहस्य असेल तिथे एकाच निष्कर्षाकडे नेणारे निदान तीन दुवे पेरायचे. एक खेळाडूंना दिसत नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा कामी येतो. कधी तिन्ही वाया जातात, मग चौथा तिथल्या तिथे बनवावा लागतो.

"जमलं, पण..." ही युक्ती मला दुसऱ्या घराण्यातल्या खेळांकडून मिळाली. 2010 च्या सुमारास सहा बाजूंचे दोन फासे टाकून खेळायची एक पद्धत रुळली: दहा किंवा वर आलं तर काम फत्ते, सात ते नऊ आलं तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, सहा किंवा खाली आलं तर गेम मास्टर बोलणार. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पंधरा सात ते नऊमध्ये पडतात, म्हणजे किंमत मोजण्याची पाळी सारखी येते. आम्ही मूळ खेळ बदलला नाही. पण फासा थोडक्यात हुकला की मी आता "नाही जमलं" म्हणत नाही. विचारते, "जमेल, पण दोरी तुटेल. चालेल?" खेळाडू क्षणभर गप्प होतो, आणि टेबलावरचे बाकीचे सगळे पुढे वाकतात.

लढाया मात्र बराच काळ रटाळच राहिल्या. आठ राक्षस, पाच पात्रं, प्रत्येकाचा वेगळा क्रम, प्रत्येक घावाचा वेगळा फासा. एक फेरी संपायला पंचवीस मिनिटं लागायची. तोवर तिरंदाज खेळणारी मोबाइल बघायला लागलेली. इलाज जुन्या नियमांत सापडला. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शत्रूंच्या धीराचाही आकडा असायचा. पहिला साथीदार पडला की, आणि निम्मे पडले की दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याच्या वर गेली तर ते पळतात. मरेपर्यंत कोण लढतं हो? माझे राक्षस पळू लागले, शरण येऊ लागले, जखमी साथीदाराला ओढून नेऊ लागले. लढाया निम्म्या वेळात संपल्या, आणि शरण आलेल्या राक्षसाचं काय करायचं यावर जो वाद झाला तो कुठल्याही लढाईपेक्षा रंगला.

त्याच जुन्या पेटाऱ्यातून आणखी एक गोष्ट उचलली: भेटणारा प्राणी तुमच्याशी कसा वागेल हेही दोन फाशांवर. आकडा कमी तर वैर, जास्त तर दोस्ती, मधला तर अजून त्याचं ठरलेलं नाही. दोन आणि बारा हे टोकाचे आकडे छत्तीसात एकेकदाच येतात; बहुतेक वेळा समोरचा घुटमळतो. ते घुटमळणं म्हणजे निव्वळ सोनं! रस्त्यात आडवे आलेले लुटारू, मी लढाईसाठी ठेवलेले, अकरा पडल्यामुळे मैत्रीने वागले. का वागले? याचं उत्तर मला तिथेच शोधावं लागलं: त्यांचा म्होरक्या आजारी होता आणि आमच्यातली पुजारीण औषध जाणते हे तिच्या झोळीवरून कळत होतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात दहा सेकंदांपूर्वीही नव्हती.

एक गंमत आपल्या भाषेची. सुरुवातीला मी इंग्रजी पुस्तकातली वर्णनं तशीच्या तशी मराठीत वाचून दाखवायचे आणि सगळेच सरदार एकाच माणसाने पाठ केल्यासारखे बोलायचे. मग लक्षात आलं की पात्र उभं करायला आवाज काढायची गरजच नाही, तू-तुम्ही-आपण पुरतात. एक सरदारीण सहा सेशन या मंडळींना "आपण यावं, आपण बसावं" करत होती. सातव्या सेशनला ती योद्ध्याकडे बघून म्हणाली, "तू थांब. बाकीच्यांनी जावं." टेबलावर चिडीचूप. काहीही समजावून सांगावं लागलं नाही. हे इंग्रजीत जमवायला तिच्या हातात खंजीर द्यावा लागला असता.

एका चुकीबद्दल मात्र अजून वाईट वाटतं. पाचव्या सेशनमध्ये मी हरवलेल्या मुलांचं कथानक आणलं, आणि रंगात येऊन जरा जास्तच तपशिलात गेले. तिरंदाज खेळणारी उठून बाहेर गेली. मला वाटलं फोन आला असेल. नंतर कळलं की तिला ते ऐकवत नव्हतं, आणि खेळ मोडायला नको म्हणून ती काही बोललीही नव्हती. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी एक गोष्ट, सुरू करायच्या आधी एकत्र बसून काय चालेल, काय अजिबात नको हे बोलून घ्यायची पद्धत आहे. तिला सेशन झीरो म्हणतात. मला ते औपचारिक वाटलं होतं. मित्रच तर आहेत, असं. आम्ही तो सेशन झीरो पाचव्यानंतर केला. शिवाय टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं एक कार्ड ठेवलं: कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आजवर दोनदा हात लागलाय, त्यातला एकदा माझाच.

आणि वही? ती तशीच होती. तिच्यातलं कोणी काही विचारत नव्हतं. मी सात दरवाजांच्या दंतकथा सांगायला लागले की चोर फाशांचे मनोरे रचायचा. एकदा वैतागून मी उलटं केलं. पुजारीण खेळणारी मैत्रीण फार कमी बोलते. तीन तासांत चार वाक्यं. वाटेत एक स्मशान लागलं, तेव्हा वर्णन करण्याऐवजी मी तिलाच विचारलं, "तुझ्या गावात माणूस गेल्यावर काय करतात?"

ती बराच वेळ फासा हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पहिला पाऊस पडेपर्यंत त्याचं नाव घेत नाहीत. पाऊस आला की सगळे बाहेर येऊन एकदाच मोठ्याने नाव घेतात."

मी ते लिहून घेतलं. चार सेशननंतर त्यांना अशा दरीत नेलं जिथे कित्येक वर्षं पाऊस पडला नव्हता. तिथली भुतं हल्ला करत नव्हती, नुसती तोंडाकडे बघत उभी राहायची. योद्ध्याने तलवार काढली, जादूगाराने मंत्रांची यादी. पुजारीण म्हणाली, "थांबा. यांची नावं कोणी घेतलेली नाहीत." पुढचा तासभर ते पाच जण पडक्या घरांतून नावं शोधत होते: उंबऱ्यावर कोरलेली, हिशोबाच्या चोपडीतली. त्या रात्री एकही फासा पडला नाही. मी जेमतेम दहा वाक्यं बोलले असेन.

त्यानंतर माझी तयारी एका पानावर आली. त्यावर असतं काय? कोणाला काय हवंय अशी तीन-चार माणसं. एक वर्तुळ, सहा भागांत कापलेलं: खेळाडूंनी काहीच केलं नाही तर शत्रूचा बेत कसा पुढे सरकेल याचं. ते वेळ घालवतात तसा एकेक भाग मी रंगवते, आणि तेही त्यांच्यासमोर. नावांची एक यादी, कारण समास पुन्हा होऊ द्यायचा नाही. आणि दोन प्रश्न, दर वेळी वेगळ्या खेळाडूला विचारायचे. उत्तरं काय येतील याची चिंता करत नाही. कधी कधी फालतू येतात. चोराने त्याच्या गावात सगळे उलटे चालतात असं सांगितलं आणि मग ते मला निभवावं लागलं.

याचा अर्थ मी वही फेकून दिली असं नाही. परवा सहज चाळली. राजधानीत ते अखेर पोचले, एकोणिसाव्या सेशनला, तेही रात्री, गटारातून. सातपैकी एकाही दरवाजातून नाही. एका दरवाजाचं नाव तेवढं वापरलं गेलं. समासच्या नावेला.

समास अजून आहे. मी त्याला आपणहून कधी पुढे आणत नाही, तेच त्याच्याकडे परत जातात. फडक्याखाली काय आहे यावर त्यांचे तीन पक्ष आहेत: शापाची खूण, राजमुद्रा, आणि चोराच्या मते नुसतं खरूज. गेल्या वेळी निघताना तिरंदाजाने मला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग, पहिल्या दिवशी तू काय ठरवलं होतंस?"

मी म्हटलं, "आत्ता सांगितलं तर मजा जाईल."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे अजून ठरवलेलं नाहीस."