सगळे एकाच नावाने आत येत होते

पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरवर चालणारा हा डेटाबेस माझ्याकडे आला तेव्हा रडत-रखडत का होईना, पण चालू होता. तक्रार एकच. दिवसातून मध्येच सगळं अडतं, थोड्या वेळाने आपोआप सुटतं, आणि कारण कुणालाच सांगता येत नाही. मी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, म्हणजे सध्या कोण जोडलेलं आहे ते दाखवणारी यादी, उघडून पाहिलं. वेब ॲप्लिकेशन, रिपोर्टचं टूल, रात्रीचे जॉब, डेव्हलपरांचे लॅपटॉप, सगळे 'पोस्टग्रेस' याच युजरने आत आलेले. म्हणजे सुपरयुजर, ज्याची परवानगी डेटाबेस तपासतच नाही.

सुरक्षेच्या दृष्टीने हे किती वाईट, ते उघडच आहे. ॲप्लिकेशनमध्ये कुठे एसक्यूएल इंजेक्शनला (बाहेरून दिलेल्या मजकुरातून कमांड घुसवण्याला) फट राहिली, तर सुपरयुजरच्या जोरावर 'कॉपी' कमांडमधून थेट सर्व्हरवरचे प्रोग्रॅमही चालवता येतात. पण मला जास्त बोचलं ते दुसरंच. लॉक (टेबलवरचा तात्पुरता ताबा) धरून कोण बसलंय, हे सांगता येण्याची सोय नव्हती. आयपी पत्त्यावरून अंदाज बांधावा, तर अर्धी मंडळी एकाच मशीनवरून येणारी. म्हणून मेमरी, इंडेक्स वगैरेंना हात न लावता मी आधी नावं वेगळी करायला घेतली. आग लागलीय आणि हा कुलपं बदलत बसलाय, असं काहींना वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

सुरुवातीला 'लॉग_कनेक्शन्स' चालू करून कोण कुठून येतं ते नुसतं बघत राहिलो. ज्यांचा पत्ता कुणालाच माहीत नव्हता असे जुने स्क्रिप्टही त्यात सापडले. मग रोल, म्हणजे वेगवेगळ्या परवानग्यांचे युजर, ठरवले. टेबलांची मालकी एका अशा रोलकडे, ज्याला लॉगिनच करता येत नाही. मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) चालवणाऱ्या रोलला या मालकाचं सदस्यत्व. 'सेट रोल' करून तो मालकाच्या नावानेच टेबल बनवतो. ॲप्लिकेशनला फक्त वाचणं-लिहिणं, रिपोर्टला फक्त वाचणं.

कागदावर हे एका दुपारचं काम वाटतं. प्रत्यक्षात मालकी बदलतानाच अडलं. 'रिअसाइन ओन्ड' ही कमांड एका फटक्यात मालकी फिरवते खरी, पण मूळ 'पोस्टग्रेस' रोलवर ती चालत नाही, कारण सिस्टिमच्या स्वतःच्या वस्तूही त्याच्याच नावावर असतात. मग कॅटलॉगमधून (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीतून) टेबल, व्ह्यू आणि फंक्शनांची यादी काढून प्रत्येकासाठी 'अल्टर'ची ओळ तयार केली. दुसरा खड्डा परवानग्यांचा. 'स्कीमातल्या सगळ्या टेबलांवर सिलेक्ट द्या' असं म्हटलं की ते आज असलेल्या टेबलांपुरतंच लागू होतं. उद्याच्या टेबलांसाठी 'अल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लागतं, आणि तेही टेबल बनवणाऱ्या रोलच्या नावाने. नाव दिलं नाही तर कमांड चालवणाऱ्यापुरतीच ती व्यवस्था होते, आणि पुढच्या मायग्रेशननंतर रिपोर्टवाले हमखास 'परमिशन डिनाइड' घेऊन येतात. आपोआप क्रमांक देणाऱ्या जुन्या सीरियल कॉलमांमागच्या सिक्वेन्सवरही वेगळी परवानगी लागते, हे टेस्टच्या सर्व्हरवर पहिला इन्सर्ट फेल झाल्यावर लगेच कळतं.

दारावरचं काम त्या मानाने सोपं. कुणाला कुठून आत घ्यायचं ते ठरवणारी पीजी_एचबीए फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. आमच्याकडे वरच एक ऐसपैस 'ट्रस्ट'ची, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणारी, ओळ होती, त्यामुळे खालच्या सगळ्या कडक ओळी निव्वळ शोभेच्या. फाइल रीलोड करण्याआधी पीजी_एचबीए_फाइल_रूल्स या व्ह्यूत बघितलं की लिहिण्यातली चूक आधीच दिसते. पासवर्ड साठवण्याच्या एमडी५ या जुन्या पद्धतीवरून स्क्रॅम या नव्या पद्धतीवर जाताना जुन्या हॅशचं (साठवलेल्या सांकेतिक रूपाचं) रूपांतर होत नाही, प्रत्येकाचा पासवर्ड नव्याने ठेवावाच लागतो. दिलासा एवढाच, की फाइलमध्ये 'एमडी५' लिहिलेलं असलं तरी स्क्रॅमने साठवलेला पासवर्ड चालतो. त्यामुळे एकेक युजर हलवत शेवटी ती ओळ बदलता आली. आवृत्ती १४ पासून, म्हणजे २०२१ पासून, नवे पासवर्ड आपोआप स्क्रॅमनेच साठतात.

आणि मग ते अडणं पुन्हा झालं. या वेळी, कोण कुणाला अडवतंय ते सांगणारं पीजी_ब्लॉकिंग_पिड्स विचारलं आणि साखळी समोर आली. मुळाशी रिपोर्टचं एक सेशन, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. कुणीतरी क्वेरी चालवून ट्रान्झॅक्शन उघडंच ठेवून उठून गेलेलं. वाचणाऱ्याचं लॉक हलकं असतं, त्याने रोजचं वाचणं-लिहिणं अडत नाही. पण मागून मायग्रेशनचं 'अल्टर टेबल' आलं, त्याला पूर्ण लॉक हवं, म्हणून ते थांबलं. आणि त्याच्यामागे त्या टेबलवरच्या साध्या सिलेक्टसुद्धा रांगेत उभ्या राहिल्या. रिपोर्टवाल्याने खिडकी बंद केली की सगळं सुटायचं. म्हणून कारण कधी हाती लागत नव्हतं.

इलाज दोन ओळींचा होता. रिपोर्टच्या रोलवर 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं सेशन तोडणारी मर्यादा), मायग्रेशनच्या रोलवर काही सेकंदांचा 'लॉक_टाइमआउट'. वेळेत लॉक मिळालं नाही तर मायग्रेशन स्वतःच माघार घेतं आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतं. सगळे एकाच नावाने येत असते तर हेच टाइमआउट सगळ्यांना लागले असते आणि रात्रीचे मोठे जॉब मेले असते. कुलपं बदलली म्हणूनच आग कुठली ते दिसलं, असं मी त्यानंतर उघडपणे म्हणू लागलो. एक बारकावा मात्र सांगायला हवा. रोलवरची ही सेटिंग लॉगिनच्या वेळीच लागू होते, 'सेट रोल'ने नाही. म्हणून ती मालकावर न ठेवता मायग्रेशनच्या लॉगिनवर ठेवली.

बाकी वेग वाढवण्याचं काम नेहमीचंच. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये एकूण वेळ खाणाऱ्या क्वेऱ्या बघितल्या, तर वरच एक साधा डिलीट. पोस्टग्रेस फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलमधल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमवर आपोआप इंडेक्स बनवत नाही, त्यामुळे मूळ टेबलमधली एक ओळ काढायला दुसरं अख्खं टेबल चाळलं जात होतं. 'कॉन्करंटली', म्हणजे टेबलवरचं लिहिणं न थांबवता, इंडेक्स बांधला, विषय संपला.

राहिला बॅकअप. गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण डोक्यात होतं. चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली गेली, आणि पीजी_डंपचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच फेल होत होता, हे त्यानंतर कळलं. सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर ते कसेबसे निभावले. म्हणून मी आमचा डंप एका कोऱ्या सर्व्हरवर चढवून पाहिला. डेटा आला, पण सोबत 'रोल अस्तित्वात नाही' या एररची रांग. रोल एका डेटाबेसचे नसून अख्ख्या क्लस्टरचे (त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचे मिळून) असतात आणि पीजी_डंप ते घेत नाही. इतक्या मेहनतीने उभी केलेली रचना बॅकअपमध्ये नव्हतीच. आता त्यासाठी 'पीजी_डंपऑल'ची ग्लोबल्स-ओन्ली फाइल वेगळी निघते. तिच्यात पासवर्डचे हॅश असतात, म्हणून ती एन्क्रिप्ट झाल्याशिवाय सर्व्हरबाहेर जात नाही. रिस्टोरची तालीमही दर वेळी कोऱ्या मशीनवरच होते. जुन्या मशीनवर रोल आधीपासून असतात, तिथे ही उणीव कधीच दिसली नसती.