चिलापीची एकच नाकपुडी

हिडकल जलाशयाकाठी गळ टाकून बसलो की मामा चिडवतात, "भाच्या, कूळ बघून सोयरीक करतात, कालवण नव्हे!" पण मला माशाचं तोंड उघडून बघायची खोड. रोहू, कटला आणि तो झुंजार महाशीर, सगळे सायप्रिनिडी कुळातले. यांच्या जबड्यात दातच नाहीत, ते असतात घशात. शिंगाळा बॅग्रिडी: खवलं नाहीत, मिशांच्या चार जोड्या, आणि कल्ल्यामागचा काटा लागला की हात ठणकतो. मरळ चन्निडी, वर येऊन हवा गिळते. आफ्रिकेतून आलेली चिलापी सिक्लिडी. तिला निरखून बघा. रोहूला प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या, हिला एकेकच. अंगावरची रेषाही मधेच तुटते आणि खालून पुन्हा सुरू होते. चवीला मात्र मरळच.